यल्लव्वाचं पान

उचगावच्या तानाबाई कांबळेनं एक प्रश्न विचारला आणि तिच्या लेकाची सात वर्षं त्यात गेली. बरं, प्रश्न तरी केवढा? पाच शब्दांचा. पण काही प्रश्न बाभळीच्या काट्यासारखे असतात, काढायला जावं तर आणखी आत जातात.

साल ब्याण्णव. तानाबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, जड उचलायचं नाही. जन्मभर दगडखाणीत घण मारलेली बाई ती! तिला नुसतं बस म्हणणं म्हणजे शिक्षाच की. दिवसभर ती घरच्यांवर खेकसायची आणि संध्याकाळी शेजाऱ्यांवर. तिचा लेक धम्मपाल वारणानगरला दूधसंघात पॅकिंगला होता आणि सुट्टीला भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचा. आईची चिडचिड बघून त्यानं आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक काढलं आणि रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवायला लागला. पुस्तक होतं सयाजीराव इंगवल्यांची कादंबरी, ‘कोरडी वेस’.

‘कोरडी वेस’ न वाचलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. म्हणजे वाचलेला सापडेलच असं नाही, पण वाचली नाही असं कबूल कोण करणार? शाळेत तिचा धडा, कॉलेजात तिच्यावर प्रश्न, पुढाऱ्याच्या भाषणात तिचा दाखला. दुष्काळातलं एक गाव, गावानं खणलेली एक विहीर, आणि पाणी कुठं लागेल ते जिनं दाखवलं त्या बाईलाच पाणी न देणारं गाव. ती बाई म्हणजे महारवाड्यातली यल्लव्वा. दगडाला कान लावून ती आतलं पाणी ओळखायची. शेवटच्या पानावर ती रिकामी घागर घेऊन वेशीबाहेर चालायला लागते आणि लेखक लिहितो, ‘यल्लव्वा गेली, आणि त्या दिवशी पाण्यालाच तहान लागली.’ ह्या ओळीवर तीन पिढ्या रडल्या होत्या. धम्मपाल तर दहावीत असताना वाचनालयातच रडला होता. पुस्तकात आपल्या वस्तीतली बाई पहिल्यांदा भेटली होती त्याला.

पंधराव्या दिवशी ती ओळ वाचून त्यानं पुस्तक मिटलं. आता आईच्या डोळ्यांत पाणी येणार आणि डॉक्टर आपल्याला ओरडणार, ह्या काळजीत तो होता. पण तानाबाई कोरडी ठक्क.

“लई चांगलं लिवलंय,” ती म्हणाली. “पर ती बाय बोलत का न्हाय?”

“कोण?”

“यल्लव्वा. मुकी हाय व्हय?”

“न्हाय आये. मुकी न्हाय.”

“मग?”

धम्मपालनं सगळं पुस्तक पुन्हा पालथं घातलं. तीनशे बारा पानं. पाटील बोलत होता, कुलकर्णी बोलत होता, पाटलाचा बैलसुद्धा एके ठिकाणी मनातल्या मनात बोलत होता. यल्लव्वा मात्र साधं ‘व्हय’ म्हणत नव्हती. जे पुस्तक आपण बावीस वेळा वाचलं त्यात एवढी गोष्ट आपल्याला दिसली नाही, आणि डोळ्याला हिरवी पट्टी बांधून बसलेल्या आईला दिसली, ह्याची त्याला लाज वाटली. लाजेच्या पोटातून राग आला आणि रागाच्या भरात तो बोलून गेला, “पुस्तकात न्हाय बोलली तर न्हाय. मी ह्येचं संगीत नाटक करतो. त्यात बोलंल. नुसती बोलंल न्हाय, गाईल.”

“कर की,” तानाबाई म्हणाली. “पर डोळं हायत तवर कर. आत्ताच नवं केल्यात.”

बोलायला काय लागतं? नाटकाला माणसं लागतात. धम्मपालची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. एक नायक मिळाला की तबलजी गायब, तबलजी मिळाला की नायिकेचं लग्न. असं करता करता कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्याला विजयसिंह सरनोबत भेटला. शिवाजी पेठेतला गडी, स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान, आणि नाटक बसवायचं म्हटलं की जेवण विसरणारा. हा विजयसिंह एके काळी बुरुजाच्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळायचा. एका सामन्यात गुडघा मोडला, तालमीतल्या पोरांशी त्यावरून भांडण झालं, आणि त्या दिवसापासून त्यानं फुटबॉलचं नाव टाकलं. घरात चेंडू नाही, तालमीच्या गल्लीनं जाणं नाही, पेपरातलं खेळाचं पान न वाचता रद्दीत. अकरा वर्षं हा वनवास चालला होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

विजयसिंहानं धम्मपालच्या चार चाली ऐकल्या आणि मांडीवर थाप मारली. “नादखुळा! मर्दा, हे करायचंच. पर आधी आक्कासाहेबांची परवानगी.”

आक्कासाहेब म्हणजे सयाजीरावांच्या पत्नी, झुंबरबाई इंगवले. सयाजीराव जाऊन सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली होती. पुस्तकाचे हक्क ह्यांच्याकडं. शिवाजी पेठेत सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायच्या, हातात भिंग घेऊन पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या आणि चूक सापडली की संपादकाला पत्र टाकायच्या. तीन सिनेमावाल्यांना त्यांनी जिन्यावरूनच परत पाठवलं होतं.

ह्या दोघांना मात्र त्यांनी आत घेतलं. धम्मपालनं पेटी काढून दुष्काळाचं गाणं म्हटलं. आक्कासाहेब डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “करा. पण दोन अटी. ह्यांचा शब्द गाळलात तर चालेल, पण एक शब्दसुद्धा पदरचा घालायचा नाही. आणि पहिला खेळ मी बघणार. मला पटला नाही तर दुसरा व्हायचा नाही.”

विजयसिंह व्हय व्हय करत उठायलाच लागला होता. धम्मपाल बसूनच राहिला.

“आक्कासाहेब, एक ईनंती हुती. यल्लव्वाला पुस्तकात बोलणं न्हाय. तिला निदान एक गाणं…”

“ती बोलत नाही.”

“व्हय, पर…”

“पेटीमास्तर! लेखकानं तिला बोलतं केलं नाही, तर तुम्ही कोण करणारे?” आक्कासाहेबांचा आवाज एवढा चढला की खालच्या दुकानातला ठोका थांबला. भिंग हातातून सुटून सतरंजीवर पडलं. धम्मपालनं ते उचलून दिलं. वय झालंय, असं त्याला वाटलं.

जिना उतरताना विजयसिंह म्हणाला, “एवढं मनाला लावून घेऊ नको. स्टेजवर गप उभी ऱ्हायलेली बाई लई भारी दिसती.”

“भारी तुमास्नी दिसती,” धम्मपाल उसळला. “माझ्या आईला काय सांगू? तुझी यल्लव्वा गपच बरी दिसती, म्हणून सांगू?”

विजयसिंहानं त्याच्या हातातली पेटी काढून घेतली आणि स्वतः उचलून चालायला लागला. खरं बोललं की पेठेतला माणूससुद्धा दुसऱ्याचं ओझं उचलतो, पण क्वचित.

महिनाभर धम्मपालची झोप उडाली. पाटलाचं गाणं झालं, पाटलिणीचं झालं, विहीर खणणाऱ्यांचं समूहगीत झालं. सगळ्यांना पुस्तकातलेच संवाद होते, त्यांना चाल लावायची की झालं. यल्लव्वाला काय लावणार? शब्दच नाहीत. तिला गाऊ दिलं तर परवानगी जाणार, तिला गप्प ठेवलं तर नाटक करून उपयोग काय? नाटक सोडून द्यावं असंसुद्धा त्याच्या मनात आलं, आणि एका रविवारी तेच सांगायला तो आईपुढं जाऊन बसला. तानाबाई परातीत तांदूळ निवडत होती. तोंडानं सांगायचं धाडस होईना, म्हणून त्यानं पुस्तक उघडलं आणि पाणी सापडतं तो भाग वाचायला लागला. ‘दगडाला कान लावला की त्याच्या पोटातलं पाणी ऐकू येतं. आधी मुंगीच्या पावलाएवढं. मग निजलेल्या लेकराच्या श्वासाएवढं…’

“थांब,” तानाबाई म्हणाली. “ह्ये कुणी ऐकलं?”

“यल्लव्वानं. फाटंचं एकटीच गेलती न्हवं का ती माळावर?”

“मग ह्ये सांगतंय कोण?”

“लेखक सांगतोय, आये.”

“त्येला काय ठावं? त्यो वाकला हुता व्हय दगडावर?” तानाबाईनं एक खडा वेचून अंगणात भिरकावला. “एकलीच हुती म्हणतोस, मग त्येच्या कानात कुणी सांगितलं? तिनंच की! ह्ये समदं तीच बोलत्या. पुस्तकवाल्यानं नुसतं उतरून घेतलंय.”

धम्मपालनं झरझर पानं उलटली. पुस्तकात संवाद किती, पानात दोन-चार ओळी. बाकी सगळं लेखकाचं सांगणं. तडकलेली जमीन, आटलेली तळी, दगडाच्या पोटातलं पाणी, हे सगळं यल्लव्वाच्या तोंडी दिलं तर? एक शब्द पदरचा नाही. सगळं नाटकच मग तिचं! त्यानं आईचे पाय धरले, तशी परात कलंडली आणि निवडलेले तांदूळ सगळे जमिनीवर. “आता तूच निवड ते,” तानाबाई म्हणाली, आणि त्यानं निवडले.

अडचण एकच राहिली. हे गद्य. एक ओळ हातभर, दुसरी वितभर. कुठल्या तालात बसणार? त्याचंही उत्तर त्याच घरात होतं. तानाबाई खाणीत घण मारायची तेव्हा बायका एकीनं काहीतरी म्हणायच्या. घणाचा ठोका, मग दम, मग ओळ. ओळ लांब असो की आखूड, ती संपल्याशिवाय पुढचा घण पडत नाही. धम्मपालनं आईला लाकडाच्या ओंडक्यावर बत्ता मारायला बसवलं आणि स्वतः पेटी घेऊन समोर बसला. सयाजीरावांची वाक्यं त्या ठोक्यात अशी जाऊन बसली, जशी काही तिथनंच उठून पुस्तकात गेली होती.

यल्लव्वा मिळाली निशा. उचगावचीच, प्राथमिक शाळेत शिक्षिका. साठ पोरांच्या वर्गावर ओरडून ओरडून तिचा आवाज जाड झाला होता. विजयसिंहाला आधी गोड गळा पाहिजे होता. पण निशानं घणाच्या ठोक्यावर पहिली ओळ टाकली आणि तो म्हणाला, “गोड आवाज घाला चुलीत.” हलगीला आकाराम होता, साठीचा, कमी बोलणारा. वस्तीतल्या विहारात तालमी झाल्या, कोणाची पाळी सुटेल तसं एकेक माणूस यायचं. माघ संपेपर्यंत नाटक उभं राहिलं.

आणि मग ह्या शहाण्या माणसांनी घोळ घातला.

नाट्यगृह मिळवायचं काम विजयसिंहाकडं होतं. तो उड्या मारतच आला. “काय नशीब बघा! एकोणीसशे नव्व्याण्णवचा मार्च, रविवार, संध्याकाळी चारचा खेळ, आणि हॉल मोकळा! कुणी मागितलाच न्हाय.” रविवारच्या दिवशी कोल्हापुरात नाट्यगृह मोकळं का, एवढं एकानंही विचारलं नाही. धम्मपाल, निशा, आकाराम उचगावचे, त्यांच्या डोक्यात नाटक. विजयसिंहाच्या डोक्यात तर अकरा वर्षं ते पान कोरंच होतं. त्यानं स्वतःच्या हातानं पोस्टर छापली, पेठेत भिंतीभिंतीवर लावली, आणि शेजारी लागलेल्या दुसऱ्या पोस्टरकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. त्यावर लिहिलं होतं, अंतिम सामना, बुरुजाची तालीम विरुद्ध तळ्याकडची तालीम, रविवार, चार वाजता.

फायनलच्या दिवशी कोल्हापुरात दुसरं काही ठेवणं म्हणजे लग्नघरात बाराव्याचं आमंत्रण देण्यासारखं. पेठेत त्या दिवशी कुत्रं फिरकत नव्हतं, सगळं शहर स्टेडियमवर. धम्मपालनं पडद्याच्या फटीतून बघितलं. आठशे खुर्च्या आणि माणसं एकेचाळीस, त्यातली सतरा त्याच्याच गल्लीतली. मधल्या रांगेत तानाबाई, इस्त्रीच्या पांढऱ्या लुगड्यात. आणि पहिल्या रांगेत एकट्या आक्कासाहेब. मांडीवर ‘कोरडी वेस’ उघडी, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पेन्सिल. शब्द न् शब्द ताडून बघायला बसल्या होत्या.

“मला जोड्यानं मार,” विजयसिंह म्हणाला.

“नंतर मारतो,” धम्मपाल म्हणाला. “पडदा उघड.”

नाटक सुरू झालं. निशा घण घेऊन आली आणि लेखकाचं पहिलं वाक्य तिच्या तोंडून गाण्यात निघालं. आक्कासाहेबांची पेन्सिल ओळीवरून सरकायला लागली. धम्मपालचं अर्धं लक्ष पेटीवर, अर्धं त्या पेन्सिलीवर. ती कुठं थांबत नव्हती, खूण करत नव्हती. चेहरा मात्र दगडासारखा. त्याला कळेना, ह्या बाई खूश आहेत की आतून पेटल्यात.

दोन तास असे गेले आणि पाण्याचा प्रवेश आला. सगळ्या नाटकातला हा सर्वात शांत प्रवेश. यल्लव्वा दगडाला कान लावते, पेटी थांबते, हलगी थांबते, आणि त्या शांततेतून हळू आवाजात ओळ उठते. निशानं कान लावला. आणि बाहेर रस्त्यावर धडाडधूम! हलगी, घुमकं, कैताळ, फटाके, शिट्ट्या. बुरुजाची तालीम जिंकली होती आणि अख्खी मिरवणूक नाट्यगृहासमोर येऊन नाचायला लागली होती.

निशानं डोकं उचललं नाही. दगडाला कान लावून तशीच पडून राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. एकेचाळीस माणसं चुळबुळायला लागली. सात वर्षं आईला थांबवलं, आणि यल्लव्वाला तोंड फुटायच्या वेळेला गावानं पुन्हा तिचा आवाज दाबला, असं त्याला वाटलं आणि रडू कोसळायच्या बेताला आलं.

विजयसिंह विंगेतून निघाला, लंगडत मागच्या दारानं रस्त्यावर गेला आणि मिरवणुकीपुढं हात जोडून उभा राहिला. समोर गुलालात न्हालेला भाऊसो, तालमीचा कप्तान. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

“विजूदा? तू?”

“भावा, जिंकलासा, अभिनंदन,” विजयसिंह म्हणाला. “पर आत एक बाई दगडाला कान लावून बसलीया. तुमच्या दंग्यात तिला पाणी ऐकू येईना झालंय. ते पाणी लागलं न्हाय तर आमचं नाटक बुडलं. पाच मिनटं द्या.”

भाऊसोनं त्याच्या गुडघ्याकडं बघितलं, मग तोंडाकडं. मग मागं वळून त्यानं अशी आरोळी ठोकली की हलगी मध्येच तुटली. “ए! गप बसा समदी! आत पाणी हुडकाय लागल्यात!”

कोल्हापूरच्या माणसाला गप्प बस म्हटलं की तो गप्प बसतो, पण कशासाठी ते बघितल्याशिवाय जात नाही. मागची दारं उघडली आणि गुलालानं माखलेली तीनशे माणसं पायांचा आवाज न करता आत आली. खुर्च्यांना गुलाल लागू नये म्हणून भिंतीला टेकली, पायऱ्यांवर बसली. श्वास ऐकू यावा इतकं शांत झालं. तेव्हा निशानं ओळ उचलली, ‘दगडाला कान लावला की त्याच्या पोटातलं पाणी ऐकू येतं. आधी मुंगीच्या पावलाएवढं…’ गाणं संपलं, विहिरीला पाणी लागलं, गावानं यल्लव्वाला हाकललं, आणि आपल्याच जाण्याची ती शेवटची ओळ गात ती वेशीबाहेर गेली. पडदा पडला. गुलालाच्या हातांनी टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

धम्मपालचं टाळ्यांकडं लक्षच नव्हतं. आक्कासाहेब जागेवरून उठल्या होत्या आणि पुस्तक छातीशी धरून रंगमंचामागं येत होत्या.

आत आल्या त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. तानाबाईही लेकाला शोधत तिथं आली होती. आक्कासाहेब म्हणाल्या, “मास्तर, मी सगळं ताडून बघितलं. एक शब्द जास्त नाही.”

“मग दुसरा खेळ…”

“जास्त नाही. कमी आहे.”

त्यांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यातून एक घडी घातलेला कागद काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटत आलेला.

“ह्यांचं अक्षर म्हणजे किडामुंगी,” त्या म्हणाल्या. “छापखान्यासाठी स्वच्छ प्रत मीच काढायची. ‘कोरडी वेस’ची पण मीच काढली. हे शेवटचं पान तेवढं मी उतरवलं नाही. भ्याले. पेठेत राहायचं होतं, सासरे होते, भावकी होती, दोन पोरींची लग्नं व्हायची होती. पुस्तक छापून आलं, ह्यांनी शेवट वाचला, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता कपाटात ठेवलं. पुढं त्याच शेवटावर लोक रडायला लागले, बक्षिसं आली. कुठल्या तोंडानं सांगणार, की ही शेवटची ओळच नव्हे? त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मला वाटलं, ह्या माणसाला कळलंय.”

धम्मपालचं डोकं सणकलं. बेचाळीस वर्षं! यल्लव्वा बोलली होती आणि हिनं तिचं तोंड शिवलं. आणि लेखकानं तरी काय केलं? तोही गप्पच बसला की, हार घालून घेत. तो काहीतरी कडू बोलणार तेवढ्यात तानाबाई पुढं झाली.

“भ्याला हुता व्हय?”

“भ्याले.”

“आणि आता?”

“आता पंचाहत्तरी आली. आता भ्यायचं कुणाला?”

“मग आना हिकडं.” तानाबाईनं कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्यावरून एकदा हात फिरवला आणि लेकाला दिला. “वाच.”

धम्मपालनं वाचलं. शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली. आक्कासाहेब म्हणाल्या, “ह्याला चाल लावू नका, मास्तर. हे तिला बोलू द्या.”

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ‘कोरडी वेस’चे साडेतीनशे खेळ झाले. सांगली, बेळगाव, पुणे, मुंबई, सगळीकडं हाऊसफुल्ल. पाण्याचं गाणं लग्नाच्या बँडवाल्यांनीसुद्धा उचललं, आणि ते बँडवर ऐकून धम्मपाल प्रत्येक वेळी शिव्या द्यायचा. पण खरा खेळ तो दुसरा. त्याच नाट्यगृहात, एप्रिलच्या एका रविवारी, कुठलाही सामना नाही ह्याची चारचारदा खात्री करून. भाऊसोनं अख्खी पेठ आणली होती. तळ्याकडची तालीमही आली, ह्यांनी बघितलं म्हणजे आपणही बघायला पाहिजे म्हणून. खुर्च्या संपल्या, माणसं पायऱ्यांवर बसली. पहिल्या रांगेत आक्कासाहेब आणि त्यांच्या शेजारी तानाबाई. आज पुस्तक नव्हतं, भिंग नव्हतं. आक्कासाहेबांनी दोन्ही हात पदरात घट्ट धरले होते. पेठ काय म्हणेल ही बेचाळीस वर्षांपूर्वीची भीती, आता त्याच पेठेसमोर बसून भोगत होत्या.

शेवटचा प्रवेश आला. यल्लव्वा ती ओळ गात वेशीबाहेर गेली. ‘पाण्यालाच तहान लागली’ झालं, लोकांनी रुमाल काढले, कोणी उठायलाही लागले. पण पडदा पडेना. पेटी थांबली होती. आणि वेशीतून यल्लव्वा माघारी आली. सरळ विहिरीपाशी गेली, घागर काठावर आपटून ठेवली आणि गावाकडं तोंड करून बोलली. गाऊन नाही, बोलून.

“पाणी मी ऐकलं, मी दावलं. आता पयली ओंजळ माझी. आडवं कोण येतंय, त्येनं म्होरं यावं.”

कुणी पुढं आलं नाही. तिनं वाकून ओंजळ भरली आणि पाणी प्यायली.

सभागृहात चिटपाखरू हललं नाही. धम्मपालनं पेटीवरून मान वर केली. ही शांतता चांगली की वाईट, त्याला कळेना. आक्कासाहेबांनी डोळे मिटून घेतले. आणि मागच्या पायऱ्यांवरून भाऊसोचा स्टेडियममधला आवाज आला, “वन्समोअर!”

निशा गडबडली. वन्समोअर गाण्याला असतो, चालीला असतो. बोलण्याला वन्समोअर कुणी कधी ऐकलाय? तिनं धम्मपालकडं बघितलं. मागची सगळी बाजू ओरडायला लागली होती. धम्मपालनं भरल्या डोळ्यांनी मान हलवली. निशा परत वेशीत गेली, परत आली, घागर आपटली आणि पुन्हा बोलली. आधीपेक्षा जोरात.

तानाबाईनं आपल्या नव्या डोळ्यांना पदर लावला आणि शेजारी वाकून म्हणाली, “बोलती की वो चांगली. उगंच गप बसिवली हुती.”

आक्कासाहेबांनी डोळे उघडले. जन्मात चार लोकांत आवाज न चढवलेली ती बाई, खुर्चीच्या हाताला धरून उठून उभी राहिली आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी ओरडली, “वन्समोअर!”

आणि यल्लव्वा तिसऱ्यांदा वेशीतून माघारी आली.